विक्री वाढली, गल्ला रिकामा! मालकांच्या शाळेतील धडे

व्यापारी वर्गात एक समजूत पक्की आहे की शिक्षणाचे वय निघून गेले की माणूस धंद्यातूनच शिकतो. ही गोष्ट निम्मी खरी आहे. धंदा शिकवतो, पण फी फार जबर घेतो. एक चूक कळेपर्यंत कधी कधी दुकानाला कुलूप लागते. म्हणूनच जगात चाळीस-पन्नास वर्षांच्या, स्वतः पेढ्या आणि कारखाने चालवणाऱ्या माणसांसाठीही शाळा निघाल्या. तिथे काय शिकवले जाते आणि त्यातले आपल्या उपयोगाचे काय, याचा विचार आज करू.

अमेरिकेतील हार्वर्ड बिझनेस स्कूल १९०८ मध्ये स्थापन झाले. दुसऱ्या महायुद्धात तेथील कारखाने युद्धसामग्रीकडे वळले, तेव्हा १९४३ मध्ये या संस्थेने अनुभवी माणसांसाठी फेरशिक्षणाचे वर्ग सुरू केले. त्यातूनच १९४५ मध्ये वरिष्ठ व्यवस्थापकांचा अभ्यासक्रम उभा राहिला. पुढे धंद्याच्या मालकांसाठी वेगळा वर्ग निघाला. तो सलग नसतो, टप्प्याटप्प्याने होतो. मालकाने काही आठवडे शिकावे, घरी जाऊन करून पाहावे आणि पुन्हा यावे, अशी ती रचना आहे.

तिथला दिवस कसा जातो?

बोस्टन शहरात चार्ल्स नदीकाठी ही संस्था आहे. प्रत्येकाला झोपायला स्वतंत्र खोली मिळते. पण साधारण आठ जणांच्या खोल्या एकत्र असून त्यांची बैठकीची खोली सामाईक असते. या आठांत कोणी बँकेचा, कोणी गिरणीचा, कोणी औषधांच्या धंद्यातला, आणि तेही वेगवेगळ्या देशांचे. रात्री प्रत्येकाने एखाद्या धंद्याची लेखी हकीकत वाचायची. सकाळी आठही जणांनी तिच्यावर चर्चा करायची आणि मग मोठ्या वर्गात जायचे.

वर्गात बाके नालाच्या आकारात, पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेली असतात. त्यामुळे सर्वांना एकमेकांचे चेहरे दिसतात. समोर नावाची पाटी असते. प्राध्यापक व्याख्यान देत नाहीत. कोणाचेही नाव घेऊन विचारतात, ‘या मालकाच्या जागी तुम्ही असता तर काय केले असते?’ उत्तर द्यावेच लागते, आणि ते लगेच खोडायला दुसरा तयार असतो. ज्याच्या शब्दापुढे दुकानात कोणी बोलत नाही, त्याला इथे बरोबरीच्या माणसांचे ऐकून घ्यावे लागते. या वर्गाचा हा फार मोठा फायदा आहे.

लाकूड व्यापाऱ्याची हकीकत

व्यवस्थापनाच्या वर्गांत वर्षानुवर्षे शिकवली जाणारी हार्वर्डची एक हकीकत ‘बटलर लंबर कंपनी’ या नावाची आहे. लाकूड विकणारा हा व्यापारी मेहनती, काटकसरी आणि बाजारात नाव असलेला. १९८८ मध्ये त्याची विक्री सुमारे १७ लाख डॉलर होती, ती १९९० मध्ये सुमारे २७ लाखांवर गेली. दरवर्षी नफाही होता. तरीही हाती रोकड नाही! बँकेची अडीच लाख डॉलरची मर्यादा संपत आली आणि माल देणाऱ्यांची देणी लांबू लागली. त्यात मेहुण्याची भागीदारी विकत घेतल्यामुळे त्याचे पैसे चुकते करण्याचा बोजा वेगळाच. आता तो दुसऱ्या बँकेकडे ४ लाख ६५ हजारांचे कर्ज मागतो आहे. वर्गाला प्रश्न असा: नफा आहे तर पैसा गेला कुठे?

उत्तर आपल्या हिशेबात मांडून पाहू. समजा एखाद्या दुकानदाराची महिन्याची खरेदी ८० हजारांची आहे. माल दोन महिने पडून राहतो, म्हणजे १ लाख ६० हजार मालात अडकले. गिऱ्हाइकाला एक महिना उधारी दिली, तिथे खरेदीभावाने आणखी ८० हजार गेले. घाऊक व्यापारी त्याला महिनाभर थांबतो, म्हणून ८० हजार वजा करा. अडकलेली रक्कम राहिली १ लाख ६० हजार. आता विक्री दुप्पट झाली आणि उधारीची पद्धत तीच राहिली, तर हा आकडा ३ लाख २० हजार होतो. वरचे १ लाख ६० हजार आणायचे कुठून? खर्च वजा जाता महिना २५ हजार नफा धरला आणि त्यातला एक पैसाही घरी नेला नाही, तरी ते जमायला सहा महिन्यांहून अधिक लागतील. आणि घरी तर पैसा लागतोच.

म्हणजे धंदा वाढवण्यापूर्वी तीन आकडे वहीत हवेत: माल किती दिवस पडून राहतो, उधारी किती दिवसांत वसूल होते आणि आपल्याला किती दिवसांची सवलत मिळते. पहिले दोन कमी केले की कर्जाची गरज तितकी घटते.

दुसरा धडा रोखीच्या सुटीचा. त्या व्यापाऱ्याला दहा दिवसांत पैसे दिल्यास २ टक्के सूट होती, नाहीतर तीस दिवसांत पूर्ण रक्कम. रोकड नसल्याने सूट बहुतेक सोडावी लागे. वीस दिवस पैसे वापरण्यासाठी १०० मागे २ रुपये सोडणे वर्षाच्या हिशेबाने सुमारे ३७ टक्क्यांना पडते. दोन टक्के किरकोळ वाटतात, म्हणूनच ते घातक आहेत.

तिसरा धडा भागीदारीचा. भाऊ किंवा मेहुणा वेगळा झाला की त्याचा हिस्सा चालू भांडवलातूनच जातो. हिश्शाची किंमत कशी काढायची आणि पैसे किती हप्त्यांत द्यायचे, हे मन साफ असतानाच लिहून ठेवावे. मन फाटल्यावर कागद होत नाही.

आपल्याकडे काय करता येईल?

१९६१ मध्ये अहमदाबादेत स्थापन झालेल्या भारतीय व्यवस्थापन संस्थेने हार्वर्डच्या सहकार्यानेच ही हकीकतीची पद्धत इकडे रुजवली. तिथेही नोकरी-धंद्यातल्या माणसांसाठी वर्ग चालतात. पण अशा वर्गांची फी लहान कारागिराच्या आवाक्यातली नाही. पद्धतीला मात्र फी नाही.

भिवंडी, मालेगाव, सोलापूर किंवा कोठेही, वेगवेगळ्या धंद्यांतल्या सात-आठ जणांनी महिन्यातून एकदा बसावे. एकाच धंद्यातले नकोत, कारण स्पर्धक आकडे सांगत नाही. पाळीपाळीने एकाने आपली अडचण आकड्यांसह दोन पानांत लिहून आणावी. इतरांनी ती आधी वाचून यावे आणि ‘मी तुमच्या जागी असतो तर’ असे सांगावे. लिहिणाऱ्याने शेवटपर्यंत मध्ये बोलू नये. आणि बैठकीतली गोष्ट बाहेर जाऊ नये, ही अट सर्वांनी पाळावी. पहिल्या बैठकीला वर सांगितलेले तीन आकडे घेऊन या. ते काढायला बसल्यावरच अनेकांना आपला पैसा कुठे अडकला आहे ते दिसेल.