पंखा किती वेगाने फिरावा?

मुंबईहून नाशिककडे जाताना भिवंडीच्या पुढे पडघा हे गाव लागते. या गावाजवळ विजेचे एक मोठे केंद्र आहे. दूर विदर्भातील चंद्रपूरची वीज सुमारे ७५० किलोमीटर लांबीच्या वाहिनीवरून येथे येते. ही वाहिनी १९९९ साली सुरू झाली.

अशा केंद्रांत मोठमोठी रोहित्रे, म्हणजे ट्रान्सफॉर्मर असतात. वीज वाहू लागली की रोहित्र तापते. त्यातील तेल ही उष्णता बाहेरच्या पत्र्यांपर्यंत आणते. तेल ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त तापले की पत्र्यांवरचे पंखे आपोआप सुरू होतात. तेल निवले की ते बंद होतात. पंखे गरजेपुरतेच चालतात.

तुमच्या शाळेतील संगणकातही हेच घडते. संगणकाच्या पेटीत प्रोसेसर नावाचा भाग असतो. तो काम करताना तापतो. पेटीतील पंखे समोरून थंड हवा आत घेतात आणि मागून गरम हवा बाहेर टाकतात.

मग पंखा सतत पूर्ण वेगाने का फिरवू नये? भिवंडीच्या यंत्रमागांची खडखड ज्यांनी ऐकली आहे, त्यांना याचे उत्तर लगेच कळेल. आवाजाने माणूस थकतो, अभ्यासात लक्ष लागत नाही. शिवाय वेगाने फिरणारा पंखा जास्त धूळ ओढतो आणि लवकर झिजतो. पंख्याचा वेग निम्मा केला, तर हवाही निम्मी होते. परंतु लागणारी वीज सुमारे आठपट कमी होते आणि आवाजही खूप घटतो. म्हणूनच एका लहान, वेगवान पंख्यापेक्षा दोन मोठे, संथ पंखे बरे.

आता वेग कसा बदलतो ते पाहा. संगणकात तापमान मोजणारे छोटे भाग असतात. नव्या पंख्यांना बहुधा चार तारा असतात. दोन तारांतून वीज मिळते. एका तारेवरून संगणक पंख्याला किती वेगाने फिरायचे ते सांगतो. उरलेल्या तारेवरून पंखा आपला वेग कळवतो. तो एका फेरीत साधारणतः दोन वेळा खूण पाठवतो. खूण आली नाही, तर पंखा थांबला असे समजावे. बरेचसे संगणक अशा वेळी सूचना देतात.

वेग ठरवताना एक सोपा तक्ता करतात. समजा, प्रोसेसर ४० अंश सेल्सिअसपर्यंत असेल, तर पंखा संथ ठेवावा. ६० अंशांना मध्यम आणि ७५ अंशांना पूर्ण वेग द्यावा. मात्र शांततेच्या हौसेने पंखा फार मंद करू नये. तापमान सुमारे १०० अंशांजवळ गेले, तर प्रोसेसर स्वतःचे काम मंद करतो. तरीही तो तापत राहिला, तर संगणक बंद पडतो आणि न साठवलेले काम वाया जाते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. पंखा खोलीतील हवाच आत फिरवतो. खोलीत ३८ अंश उष्णता असेल, तर संगणकाचा आतला भाग त्याहून थंड होणार नाही. म्हणून मे महिन्यात पंखे जास्त वेगाने फिरले, तर घाबरू नका. खोली हवेशीर ठेवा. पेटी भिंतीला चिकटवू नका. हवा आत येण्याच्या जाळीवर धूळ साचू देऊ नका. पेटी साफ करायची असेल, तर गुरुजींच्या देखरेखीखाली, वीज पूर्ण बंद करून आणि पाते हलकेच धरून करा.

पडघ्याचे अवाढव्य रोहित्र असो की तुमच्या मेजावरचा संगणक, नियम एकच आहे: आधी तापमान पाहावे, मग पंख्याचा वेग ठरवावा. शांतता हवीच, पण ती यंत्राच्या सुरक्षिततेला धक्का न लावता हवी.