पीएलसीच्या पोटातलं घड्याळ

कारखान्याच्या कंट्रोल पॅनेलमधल्या पीएलसीला, म्हणजे मशीन चालवणाऱ्या प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलरला, वेळ दोन तऱ्हांनी कळते. मोटर सुरू झाल्यावर दहा सेकंदांनी व्हॉल्व्ह उघडायचा, हे काम टायमरचं. आज तारीख कोणती, याच्याशी त्याचं देणंघेणं नसतं. रविवार सोडून रोज पहाटे पाचला भट्टी तापवायला घ्यायची, तर मात्र वार आणि तारीख सांगणारं रिअल-टाइम क्लॉक लागतं. बहुतेक पीएलसींत ते आतच असतं. पण ते दाखवेल ती वेळ तपासून न घेता वापरली, की मशीन चुकीच्या वेळी चालू लागतं.

या घड्याळाचा जीव म्हणजे क्वार्ट्झचा एक इवलासा स्फटिक. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा पंधरा वेळा निम्मा केला की बरोबर एक उरतो आणि एक सेकंद मोजला जातो. स्फटिक पंचवीस अंशांच्या आसपास सर्वांत अचूक चालतो. तापमान त्याच्या वर गेलं किंवा खाली आलं, तरी घड्याळ मागेच पडतं. पंचेचाळीस अंशांपर्यंत तापणाऱ्या बंद पॅनेलमध्ये नुसत्या उष्णतेमुळे दिवसाला सेकंदभराहून थोडी जास्त घट येते. सीमेन्सच्या एस७-१२०० या प्रचलित पीएलसीत महिन्याला साठ सेकंदांपर्यंत फरक गृहीत धरलेला आहे. म्हणून नेटवर्क असेल तिथे टाइम सर्व्हरकडून वेळ जुळवून घ्यावी.

वीज गेल्यावर हे घड्याळ बॅटरीवर किंवा सुपर कपॅसिटरवर चालतं. एस७-१२०० मध्ये कपॅसिटर साधारण वीस दिवस पुरतो, चाळीस अंश तापमानात किमान बारा. दिवाळीची सुट्टी त्यात निभावते. कारखाना दोन महिने बंद राहिला तर नाही. म्हणून वीज आल्यावर प्रोग्रॅमने आधी वर्षाचा आकडा पटण्याजोगा आहे का ते पाहावं. नसेल तर अलार्म द्यावा आणि वेळेवर बेतलेली कामं थांबवून ठेवावीत.

रात्रपाळीचा पेच

रात्रपाळी दहा ते सहा. नवखा प्रोग्रॅमर लिहितो : तास २२ किंवा त्याहून जास्त 'आणि' ६ पेक्षा कमी. ही अट कधीच पुरी होत नाही, कारण एकच आकडा एकाच वेळी दोन्हीकडे बसू शकत नाही. मध्यरात्र ओलांडणाऱ्या वेळेसाठी इथे 'किंवा' हवं. शिवाय रात्री दोनला तयार झालेला माल आदल्या दिवसाच्या पाळीत धरायचा, हेही प्रोग्रॅमला सांगावं लागतं.

दुसरी चूक बरोबरीच्या चिन्हाची. 'सहा वाजून शून्य मिनिटं झाली की पंप सुरू' असं लिहिलं आणि नेमकी त्याच मिनिटाला वीज नसली, तर त्या दिवशी पंप सुरूच होत नाही. 'सहा वाजून गेलेत आणि आजचं काम अजून झालेलं नाही' अशी अट घातली, की वीज उशिरा आली तरी काम होतं.

तिसरी चूक सेटिंगमधली. एस७-१२०० च्या सॉफ्टवेअरमध्ये मूळ टाइम झोन बर्लिनचा असतो आणि उन्हाळी वेळही चालू असते. ते बदलून भारताचा साडेपाच तासांचा फरक दिला नाही, तर स्थानिक वेळ हिवाळ्यात साडेचार तास मागे दिसते, उन्हाळ्यात साडेतीन.

आता विजेच्या बिलातही घड्याळ आलं आहे. केंद्राच्या २०२३ च्या नियमांनुसार सौर तासांत वीज स्वस्त आणि सर्वाधिक मागणीच्या तासांत महाग. दहा किलोवॉटवरच्या व्यापारी व औद्योगिक ग्राहकांना हे १ एप्रिल २०२४ पासून लागू झालं. हे तास पुढेही बदलू शकतात. म्हणून ते प्रोग्रॅममध्ये कोरून न ठेवता ऑपरेटरच्या स्क्रीनवरून बदलता यावेत. त्याला पासवर्ड मात्र हवा.

मशीन ताब्यात घेण्यापूर्वी एक चाचणी करायलाच हवी. घड्याळ शनिवारी रात्री ११:५९ वर लावा आणि रविवार उजाडताना प्रोग्रॅम काय करतो ते बघा. मग ३१ डिसेंबरवर लावा. मग पाळी बदलायच्या मिनिटाला मेन स्विच बंद करून पुन्हा चालू करा. अर्ध्या तासाचं हे काम रात्रपाळीच्या कामगाराची धावपळ वाचवतं आणि मालाचा हिशेबही चोख ठेवतं.