बाहुलीचा रंग उडालाय? आधी बोळा ओला करा

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं पडतं, त्यांच्यासाठी हे या भागाचं शब्दांकन. बोलताना जरा भरकटलो होतो, ते इथे गाळलंय.

सुरुवात माझ्या पापापासून करतो. धाकट्या भावाचा एक जी. आय. जो होता, पावणेचार इंची, फनस्कूलचा. त्याच्या गालावर निळा डाग होता. मी नेलपेंट रिमूव्हर लावला. डाग गेला, आणि त्याच्यासोबत भुवया, एक डोळा आणि गालाची चकाकीसुद्धा. रिमूव्हरमध्ये अ‍ॅसिटोन असतं. ते नुसता रंग काढत नाही, एबीएस प्लास्टिकच विरघळवतं. भाऊ काही बोलला नाही. ते जास्त लागलं.

तेव्हापासून एकच सवय लावून घेतली. हात लावण्याआधी विचारायचं, दोष नेमका कुठे आहे? वर बसलेल्या मळात, रंगात, की प्लास्टिकच्या आत? साध्या पाण्यात ओला केलेला कापसाचा बोळा डागावर हलकेच फिरवा. बोळ्यावर काळपट आलं, तर मळ. त्याच भागाचा रंग आला, तर तिथेच थांबा. काहीच आलं नाही, तर बहुधा दोष आतला आहे.

मळ असेल तर कोमट पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब आणि मऊ टूथब्रश. चिकट झालेल्या बाहुल्यांनाही हेच औषध. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात एक तेलकट द्रव्य मिसळलेलं असतं. उष्णतेत, बंद डब्यात ते हळूहळू पृष्ठभागावर येतं आणि त्यावर धूळ बसते. धुतल्यावर चिकटपणा जातो, पण काही महिन्यांनी परत येऊ शकतो. पुन्हा धुवायचं. घट्ट पिशवीत मात्र कोंबून ठेवू नका.

आता रंग. सांध्यापाशी रंग खरवडलेला असतो, तो घासण्यामुळेच. त्यावर जाड थर दिलात, तर पुन्हा उडणार, वर सांधाही जाम होणार. पाण्यात पातळ केलेला अ‍ॅक्रिलिक रंग, बारीक ब्रश, दोन-तीन हलके थर, आणि प्रत्येक थर पूर्ण वाळू द्यायचा. कातडीचा रंग एका बाटलीतून जुळत नाही. पांढऱ्यात थोडा पिवळा ऑकर आणि अगदी चिमूटभर लाल, असं करत जा. अ‍ॅक्रिलिक वाळल्यावर जरा गडद दिसतो, म्हणून आधी तळपायावर लावून बघा. चुकलं तर लगेच ओल्या बोळ्याने पुसता येतं. वाळल्यावर नाही.

साच्याची रेघ, म्हणजे दोन अर्धे जोडल्याची उभी कड, ही प्लास्टिकमधलीच. वॉटर पेपर ८०० नंबरचा, मग १२००चा, पाण्यात भिजवून हलक्या हाताने. रंगवलेल्या भागावर हे करू नका, रंग आधी जाईल. घासलेली जागा निस्तेज दिसते, हे आधीच धरून चाला. ते पांढरे मॅजिक स्पंजही खरं तर बारीक पॉलिश पेपरच आहेत. मॅट कपड्यावर घासलात तर तिथे चकाकता ठिपका पडतो. हा अनुभव माझा, तुमचा व्हायला नको!

शेवटी वरचा वॉर्निश. जुलैत मुंबईत स्प्रे मारू नका. दमट हवेत थरावर दुधाळ झाक येते. शिवाय मऊ पीव्हीसीवर काही स्प्रे कायम चिकटच राहतात. ब्रशने लावायचा, पाण्यावर आधारित मॅट वॉर्निश बरा. तोही आधी तळपायावर.

एक व्यवहाराची गोष्ट. विकायची असेल, तर दुरुस्त केलंय हे गिऱ्हाइकाला सांगा. जुन्या वस्तूचा शौकीन मूळ रंगाला किंमत देतो, मग तो उडालेला का असेना.

भावाचा जो माझ्याकडेच आहे. भुवया गेल्या दिवाळीत रंगवल्या, बऱ्या जमल्या. डोळ्याला अजून हात लावायचं धाडस झालेलं नाही. त्याला फोटो पाठवला, तर उत्तर आलं, "राहू दे, डोळा मारतोय असं वाटतं."