डिचोलीची न झालेली लढाई

इंग्रजी विकिपीडियावर २००७ ते २०१२ अशी पाच वर्षे एक सविस्तर लेख होता. विषय होता १६४०-४१ साली पोर्तुगीज आणि मराठे यांच्यात गोव्यातल्या डिचोलीत पेटलेला संघर्ष. निवडक चांगल्या लेखांत त्याची गणना झाली होती. प्रत्यक्षात असे काही घडलेच नव्हते. लेखात दिलेली संदर्भपुस्तकेच कुठे अस्तित्वात नाहीत, हे एका चिकित्सक वाचकाने शोधले, तेव्हा लेख काढून टाकला गेला. १६४० साली शिवाजी महाराज दहा वर्षांचे होते. आमच्या भागातल्या शाळकरी मुलानेही शंका घेतली असती. पण विचारायचे कुणाला? गाव आपले आपण लिहीत नसेल, तर त्याच्या नावावर कुणीही काहीही खपवतो.

माझे माहेर पेडण्याचे, सासर डिचोलीचे. शिक्षकी संपल्यावर मी गावोगावचा इतिहास टिपायच्या कामाला लागले. सोबत काही जुने सहकारी आणि कॉलेजातली मुले आहेत. पगार कुणालाच नाही, पण आवड सगळ्यांना आहे.

आमचा पहिला दस्तऐवज म्हणजे देवळातले गाऱ्हाणे. गावकार नारळ ठेवून सातेरी, रवळनाथ, राखणदार, शिवेवरचा देवचार अशा एकेकाला हाक घालतो. क्रम ठरलेला असतो. एखाद्या देवाचे नाव येते, पण त्याचे स्थळ आज कुणाला ठाऊक नसते. मग आम्ही जमिनीचे एक-चौदाचे उतारे चाळतो, कारण त्यांत शेताचे नाव लिहिलेले असते. तेच नाव तिथे भेटले, की त्या शेताच्या बांधावर जाऊन वारूळ किंवा जुना दगड शोधायचा. पौषात धालोच्या मांडावर बायका गातात, त्या गाण्यांतही वाड्यांची आणि वनदेवतांची नावे असतात. ती टिपायला बाईमाणूसच हवे.

सापडलेला दगड वीरगळ असला, तर तो बघायचा सकाळच्या तिरप्या उन्हात. साध्या पाण्याने हलकेच धुतला, की खालच्या चौकटीत झुंज, मध्ये वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, असे सगळे उठून दिसते. भक्तीने का होईना, त्याला ऑइलपेंट फासू नका, हे आम्ही हात जोडून सांगतो.

ऐकीव गोष्टीला दगड आणि कागद यांची जोड लागते. सप्तकोटेश्वर मूळचा दिवाडी बेटावरचा. पोर्तुगीजांनी देऊळ पाडल्यावर लिंग नदीपलीकडे नार्व्याला आले, ही कथा घरोघर सांगतात. शिवाजी महाराजांनी १६६८ साली तिथले देऊळ बांधवले, याचा शिलालेख दारावरच आहे. पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगीजांकडे गेले; त्याआधी अंमल सावंतवाडीकर भोसल्यांचा. म्हणून इथले जुने कागद मोडीत आणि पुढचे पोर्तुगीजमध्ये. १५९५ पासून दप्तर सांभाळणाऱ्या पणजीच्या पुराभिलेखागारात सत्तरीतल्या पिसुर्ले गावचे डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर यांनी गोवामुक्तीपर्यंत आयुष्य वेचले. ते दोन्ही प्रकारचे कागद वाचत. आज मोडी शिकायला बसलेल्या मुलांना मी त्यांचेच नाव सांगते.

इंग्लंडमधल्या खेड्यांचे नशीब थोर. तिथे १५३८ पासून चर्चच्या वह्यांत बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या नोंदी आहेत. परगण्यांचा गाववार इतिहास लिहिण्याचा मोठा प्रकल्प १८९९ साली सुरू झाला. त्यात गावचे स्वयंसेवक आजही राबतात. आपल्याकडे तशी वही नाही. आपली वही माणसांच्या तोंडी आहे, आणि ती माणसे थकत चालली आहेत. जागाही जात आहेत. पेडण्यात मोपाच्या सड्यावरून २०२३ पासून विमाने उडतात. डिचोलीत खाणींनी डोंगरच्या डोंगर खाल्ले. जागा गेली, की नाव उच्चारायचे निमित्तही जाते.

आमचा एक नियम पक्का आहे. कुणी सांगितले, कधी सांगितले आणि त्यांना कुणाकडून कळले, हे लिहिल्याशिवाय नोंद पुरी होत नाही. तयार झालेले टिपण देवळाच्या मंडपात मोठ्याने वाचतो. चुका तिथल्या तिथे कळतात. कधी वादही पेटतो. पेटू दे. दोन वाड्यांच्या हकिकती जुळल्या नाहीत, तर दोन्ही लिहून ठेवाव्यात. एखादी गाळायचा अधिकार आपल्याला नाही. उद्या सापडणारा कागद काय तो निवाडा करील. सुरुवातीला मात्र कागदही लागत नाही. घरातल्या थोरल्या माणसाला आपल्या शेतांची नावे विचारा आणि आजच लिहून काढा.