मोतीला घेऊन सहलीला जाताना



आमचा मोती आता अकरा वर्षांचा झाला. नाव आपल्या अलिबागकडचं, पण इथे मोती म्हणजे मोर्देखाय! लोदच्या रस्त्यात मी हाक मारली की कुत्र्याच्या आधी एखादा गृहस्थ मागे वळून पाहतो.

गावी कुत्रा पडवीत बसायचा, उरलेली भाकरी खायचा आणि आपली सहल आपणच करून यायचा. त्याला मुद्दाम फिरायला कोण नेतो! इथे मात्र यजमान गेल्यापासून मोतीच माझी सोबत. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी असंच आहे. नातवंडं आली की पहिला प्रश्न, "सव्ता, मोती पण येणार ना?" येणार, पण त्याची तयारी हवी. ती मी चूक करून शिकले.

2022 साली शावुओतनंतर आम्ही बेन शेमेनच्या जंगलात गेलो. निघेनिघेपर्यंत अकरा वाजले. माणसांसाठी चपात्या, कटलेट, सरबत, सगळं घेतलं. मोतीसाठी एक बाटली पाणी. नातू चेंडू टाकत होता, मोती आणत होता. थोड्या वेळाने नातू धावत आला, "सव्ता, मोती चेंडूकडे बघत पण नाही." जाऊन बघते तर जीभ लांब बाहेर, लालभडक, तोंडाला चिकट लाळ आणि मागचे पाय लटपटताहेत. माणसांना ऊन लागलेलं मी इस्पितळात कितीदा पाहिलं होतं, पण माझ्याच कुत्र्याचं मला कळलं नाही. जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "आधी अंगावर पाणी ओता, मग घेऊन या." माणसांचं सगळं पाणी त्याच्या पोटावर, पायांवर ओतलं, पुठ्ठ्याने वारा घातला, घोटघोट पाजलं आणि गाडीचा एसी लावून दवाखाना गाठला. मोती वाचला. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवू नये, उष्णता आत कोंडते, हे तिथेच समजलं.

त्या दिवसापासून माझा एक नियम आहे. कुत्रा, म्हातारं माणूस आणि लहान मूल, तिघांना ऊन लवकर बाधतं आणि तिघंही वेळेवर सांगत नाहीत. म्हाताऱ्याला तहान कळत नाही, मूल खेळात विसरतं, कुत्र्याला वाचा नाही. म्हणून सहल आखायची ती सगळ्यांत आधी दमणाऱ्याच्या हिशेबाने.

उन्हाळ्यात सकाळी लवकर निघून नऊपर्यंत परत, नाहीतर सूर्य कलल्यावर. वाळूवर किंवा डांबरावर हाताची मागची बाजू टेकवून सात आकडे मोजा. हात भाजला तर त्याचे पायही भाजणार. गाडीत त्याला एकटं ठेवू नका. बाहेर 30 अंश असले तर बंद गाडीत दहा मिनिटांत 40 च्या आसपास होतात.

आता जायचं कुठे? केरेन कायेमेतची जंगलं सोयीची, सावली असते, टेबलं असतात. आम्हाला बेन शेमेन जवळ, बेएर शेवाकडच्यांना यातीर. तिथे 1964 पासून झाडं लावली आहेत. एन गेदीच्या राखीव रानात मात्र कुत्र्यांना बंदी आहे, तिथे रानबकऱ्या फिरतात. समुद्रावर जायचं तर तेल अवीवला हिल्टन आणि नोर्दाऊ किनाऱ्यांच्या मध्ये खास कुत्र्यांचा किनारा आहे. जीवरक्षक असलेल्या पोहण्याच्या किनाऱ्यांवर सहसा मनाई असते, म्हणून आधी पाटी वाचा. जिथे जीवरक्षक नाही तिथे मुलांना पाण्यात सोडू नका. मोतीला समुद्राचं पाणी पिऊ देऊ नका, उलट्या-जुलाब होतात. घराबाहेर पट्टा कायद्याने लागतोच, पाच मीटरपर्यंतचा. रेबीजची लस आणि परवाना चालू आहे का, तेही बघून ठेवा.

पिशवीत त्याच्यासाठी वेगळं पाणी, वाटी, घाण उचलायच्या पिशव्या आणि जुनी चादर. आपल्या डब्यातलं त्याला देऊ नये. कांदा-लसूण त्याला बाधतो. द्राक्षं आणि मनुका मूत्रपिंडाला घातक, म्हणजे मलिद्याचं ताटही दूरच ठेवायचं. मंगलवरच्या कोंबडीची हाडं चिरफाळून आतड्यात रुततात. आणि मधुमेहवाल्यांनो, तुमचं बिनसाखरेचं च्युइंगम पर्समध्ये बंद ठेवा. त्यात झायलिटॉल असलं तर थोडंसंही कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतं.

मुलांनो, आता तुमची कामं. हिवाळा संपता संपता पाइनच्या झाडांखाली केसाळ अळ्या एकामागे एक आगगाडीसारख्या चालतात. त्यांना हात लावायचा नाही आणि कुत्र्यालाही हुंगू द्यायचं नाही. त्यांच्या केसांनी जीभ सुजते आणि सडते. तसं झालं तर तोंड पाण्याने धुऊन, न चोळता, डॉक्टरकडे. उन्हाळ्यात वाळलेल्या गवतात कुसळं असतात. घरी येताच मोतीचे कान आणि पायांची बोटं तपासायची. सापही ह्याच दिवसांत निघतात, म्हणून पायवाट सोडायची नाही.

आणि सगळ्यांत मोठं काम, त्याच्यावर नजर ठेवायची. त्या दिवशी माझ्या आधी आठ वर्षांच्या नातवाला कळलं, कारण तो मोतीच्या डोळ्यांकडे बघत होता आणि मी डब्यांकडे.

आता आम्ही शुक्रवारी पहाटे सहाला निघतो आणि शब्बातच्या स्वयंपाकाला वेळेवर घरी येतो. जास्त चालत नाही. मोती दमला की मीही बसते, आणि खरं सांगू, त्या निमित्ताने माझ्या गुडघ्यांनाही आराम मिळतो. तुम्हीही जा, पाणी जास्त घ्या आणि सगळे मिळून सुखरूप घरी या.