आउअरबाक, रेड
(२० सप्टेंबर १९१७–२८ ऑक्टोबर २००६). व्यावसायिक बास्केटबॉल खेळातील विख्यात अमेरिकन प्रशिक्षक व संघव्यवस्थापक. पूर्ण नाव आर्नल्ड जेकब आउअरबाक. तांबूस केसांमुळे त्याला ‘रेड’ हे टोपणनाव पडले व तेच पुढे रूढ झाले. त्याच्या मार्गदर्शनाखाली बॉस्टन सेल्टिक्स या संघाने १९५७ ते १९६६ या दहा हंगामांत नॅशनल बास्केटबॉल असोसिएशनची (एनबीए) नऊ अजिंक्यपदे मिळविली. त्यांपैकी १९५९ पासूनची आठ सलग होती. वैयक्तिक गुणसंख्येपेक्षा सांघिक उपयुक्तता श्रेष्ठ, हे तत्त्व खेळाडूंची निवड आणि प्रत्यक्ष खेळ या दोहोंत त्याने सातत्याने पाळले.

त्याचा जन्म न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन विभागात एका ज्यू कुटुंबात झाला. वडील मिन्स्कहून अमेरिकेत स्थलांतरित झाले होते व त्यांचा कपडे धुण्याचा व्यवसाय होता. जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठात त्याने १९४० मध्ये पदवी व १९४१ मध्ये पदव्युत्तर पदवी संपादन केली. तेथील प्रशिक्षक बिल राइनहार्ट याच्याकडून त्याने जलद प्रतिचढाईचे तंत्र आत्मसात केले. प्रतिस्पर्ध्याचा फसलेला चेंडू हाती येताच त्याचा बचाव सावरण्यापूर्वी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला धडक मारणे, हे या तंत्राचे सार. वॉशिंग्टन येथील शाळांत प्रशिक्षक म्हणून काम केल्यानंतर १९४३ ते १९४६ या काळात तो अमेरिकन नौदलात होता.

१९४६ मध्ये ‘बास्केटबॉल असोसिएशन ऑफ अमेरिका’ ही व्यावसायिक संघटना स्थापन झाली, तेव्हा वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी तो वॉशिंग्टन कॅपिटल्स संघाचा प्रशिक्षक झाला. पहिल्याच हंगामात या संघाने ६० पैकी ४९ सामने जिंकले. १९४९ मध्ये संघ अंतिम फेरीत पोहोचला. परंतु जॉर्ज मायकन या उंच मध्यवर्ती खेळाडूच्या मिनीआपोलिस लेकर्स संघाकडून पराभूत झाला. त्याच वर्षी ही संघटना दुसऱ्या एका संघटनेत विलीन होऊन एनबीए अस्तित्वात आली. ट्राय-सिटीज ब्लॅकहॉक्स संघाबरोबर एक हंगाम घालवून १९५० मध्ये तो बॉस्टन सेल्टिक्सकडे आला.

सेल्टिक्सची स्थिती तेव्हा हलाखीची होती. बॉब कूझी हा स्थानिक व लोकप्रिय खेळाडू आउअरबाकने प्रथम नाकारला होता. पुढे शिकागोचा संघ विसर्जित झाल्यावर चिठ्ठ्या टाकल्या गेल्या, त्यांत तो सेल्टिक्सच्या वाट्यास आला व संघाचा आधारस्तंभ ठरला. कूझीची चेंडू पुरविण्याची हातोटी आणि बिल शार्मनची अचूक नेमबाजी यांमुळे संघ भरपूर गुण मिळवीत असे. १९५४ मध्ये चढाई करणाऱ्या संघाने २४ सेकंदांत चेंडू बास्केटकडे फेकलाच पाहिजे, असा नियम झाला व खेळाची गती वाढली. तथापि बास्केट हुकून परत येणारा चेंडू हाती घेणारा समर्थ खेळाडू नसल्याने प्रतिचढाई मुळातच खुंटत असे. १९५६ पर्यंत सेल्टिक्स एकदाही अंतिम फेरीत पोहोचला नाही.

ही उणीव भरून काढण्यासाठी राइनहार्टच्या सांगण्यावरून आउअरबाकचे लक्ष सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाच्या बिल रसेलकडे वेधले गेले. एनबीएमध्ये नवोदित खेळाडूंची वार्षिक निवड ‘ड्राफ्ट’ या पद्धतीने होते व तीत प्रत्येक संघास ठराविक क्रम असतो. १९५६ मधील दुसरा क्रम सेंट लुइस हॉक्सकडे होता. तो मिळविण्यासाठी आउअरबाकने एड मकॉले हा नामांकित खेळाडू आणि क्लिफ हेगन याच्यावरील हक्क देऊन टाकले. रसेल हा मोठा धावसंख्यावीर नव्हे, म्हणून अनेकांना हा सौदा महागाचा वाटला. परंतु त्याची उडी, चेंडू अडविण्यातील अचूक वेळ आणि परतीचा चेंडू पकडून तो तत्काळ पुढे देण्याची तत्परता यांमुळे बचाव हाच चढाईचा आरंभ झाला. १९५७ च्या अंतिम मालिकेत सेल्टिक्सने सेंट लुइसचाच सातव्या सामन्यात दोन जादा डावांनंतर १२५–१२३ असा पराभव करून पहिले अजिंक्यपद मिळविले.

आउअरबाकची पद्धती दिसावयास साधी होती. त्याच्या संघाकडे चढाईचे मोजकेच आराखडे असत. मात्र प्रत्येकाचे अनेक पर्याय खेळाडूंच्या अंगवळणी पाडलेले असत. हंगामापूर्वीचा व्यायाम कठोर असे. आरंभीच्या पाच खेळाडूंत सर्वोत्तम पाचांनाच घ्यावे, हा संकेत मोडून त्याने फ्रँक रॅम्झी व नंतर जॉन हॅव्हलिचेक यांना राखून ठेवले. प्रतिस्पर्धी थकू लागताच ताज्या दमाचा उत्कृष्ट खेळाडू उतरविण्याच्या या प्रथेतून ‘सहावा खेळाडू’ ही भूमिका प्रतिष्ठा पावली. विशेष म्हणजे अजिंक्यपदाच्या त्या वर्षांत एनबीएमधील सर्वाधिक गुण मिळविणारा खेळाडू एकदाही सेल्टिक्सचा नव्हता. आउअरबाकचा स्वभाव मात्र तापट होता. पंचांशी तो वारंवार हुज्जत घाली. १९५७ च्या अंतिम मालिकेत प्रतिस्पर्धी संघाच्या मालकावर हात उगारल्याबद्दल त्याला दंड झाला. विजय निश्चित होताच बाकावर बसून सिगार पेटविण्याची त्याची सवयही प्रतिस्पर्ध्यांना डिवचणारी वाटे.

वर्णभेदाच्या प्रश्नाशी त्याच्या कारकीर्दीचा निकटचा संबंध आहे. १९५० मध्ये मालक वॉल्टर ब्राउन याच्या सेल्टिक्सने ड्राफ्टमध्ये चक कूपरची निवड केली. एनबीए संघाने अशा रीतीने निवडलेला तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू होय. २६ डिसेंबर १९६४ रोजी आउअरबाकने प्रथमच पाचही कृष्णवर्णीय खेळाडूंनिशी एनबीएमधील सामना सुरू केला. आपण सामाजिक सुधारणा करीत आहोत, असा दावा त्याने केला नाही. संघास जो उपयुक्त तो खेळावा, एवढाच त्याचा निकष होता. या भूमिकेच्या मर्यादाही स्पष्ट झाल्या. १९६१ मध्ये केंटकी राज्यातील लेक्सिंग्टन येथे हॉटेलात कृष्णवर्णीय खेळाडूंना खाद्यपदार्थ नाकारण्यात आले, तेव्हा त्यांनी सामन्यावर बहिष्कार टाकला. आउअरबाकने प्रथम त्यांचे मन वळविण्याचा प्रयत्न केला; ते ठाम आहेत असे दिसल्यावर स्वतः त्यांना विमानतळावर पोहोचविले. बॉस्टनमध्येही अजिंक्य संघाच्या सामन्यांना अनेकदा आसने रिकामी राहत आणि रसेलच्या घरात शिरून नासधूस केली गेली. मैदानावरील समता शहरास आपोआप बदलू शकली नाही. असे असले, तरी १९६६ मध्ये निवृत्त होताना आउअरबाकने आपला वारस म्हणून रसेलचीच नेमणूक केली. एनबीएमधील तो पहिला कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक. खेळाडू-प्रशिक्षक या नात्याने त्याने १९६८ व १९६९ ची अजिंक्यपदे मिळविली.

प्रशिक्षकपद सोडल्यानंतर आउअरबाकने व्यवस्थापक म्हणून संघाची दोनदा नव्याने उभारणी केली. डेव्ह काउअन्स, जो जो व्हाइट व हॅव्हलिचेक यांच्या संघाने १९७४ व १९७६ मध्ये विजेतेपद पटकाविले. १९७८ मध्ये त्याने महाविद्यालयातील एक वर्ष शिल्लक असलेल्या लॅरी बर्डची निवड केली व त्याच्यासाठी वर्षभर वाट पाहिली. १९८० मध्ये ड्राफ्टमधील पहिला व तेरावा क्रम देऊन त्याने गोल्डन स्टेट वॉरिअर्सकडून रॉबर्ट पॅरिश आणि तिसरा क्रम मिळविला. त्या क्रमावर केव्हिन मॅकहेलची निवड झाली. या तिघांच्या बळावर सेल्टिक्सने १९८१, १९८४ व १९८६ ची अजिंक्यपदे जिंकली. २०२४ पर्यंत संघाने मिळविलेल्या १८ अजिंक्यपदांपैकी १६ आउअरबाकच्या प्रशिक्षक, व्यवस्थापक किंवा अध्यक्षपदाच्या काळातील आहेत.

नियमित हंगामातील त्याचा ९३८ विजयांचा विक्रम १९९५ मध्ये लेनी विल्कन्सने मोडला. प्रशिक्षक म्हणून मिळविलेल्या नऊ अजिंक्यपदांचा उच्चांक २००९ मध्ये फिल जॅक्सनने ओलांडला. सलग आठ विजेतेपदे मिळविणारा प्रशिक्षक मात्र एनबीएमध्ये त्याच्याखेरीज झाला नाही. १९६५ मध्ये त्याला वर्षातील सर्वोत्कृष्ट प्रशिक्षकाचा मान मिळाला व पुढे या पुरस्काराच्या करंडकास त्याचेच नाव देण्यात आले. स्प्रिंगफील्ड येथील नेस्मिथ स्मारक बास्केटबॉल सन्मानमंदिरात १९६९ मध्ये त्याचा समावेश झाला. १९८५ मध्ये बॉस्टन येथे त्याचा पुतळा उभारण्यात आला. वॉशिंग्टन येथे हृदयविकाराने त्याचे निधन झाले.