कोरड्या हातांचं काम

आमच्या सानपाड्याच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी हिवाळाभर चॉकलेटात बुडवलेली गोठलेली फळं करतात. सुरुवात स्वतःच्या मुलांसाठी झाली, मग इमारतीतल्या बाकीच्या मुलांनी वशिले लावले, आणि आता शनिवारी दुपारी त्यांच्या ओट्यावर स्ट्रॉबेरी, केळी, द्राक्षं आणि खजूर यांची रांग लागलेली असते. "काही नाही हो, अगदी सोपं आहे," असं त्या प्रत्येकाला सांगतात, आणि ते खोटं नाही. ओव्हन नाही, पाकाची तार बघायची नाही, गॅस जेमतेम दहा मिनिटं पेटतो. पण कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून सगळं पाहिलं, की यातलं निम्म्याहून जास्त काम ओल काढण्याचं आहे हे लक्षात येतं. फळाची ओल, भांड्याची, हाताची आणि हवेची. पश्चिमेला ठाण्याची खाडी, दक्षिणेला पनवेलची, अशा गावात हवेची ओल हा काही किरकोळ मुद्दा नाही.

माल येतो एपीएमसीतून. मुंबईचा घाऊक फळबाजार १९९६ मध्ये क्रॉफर्ड मार्केटहून इकडे हलवला गेला, त्याचा सानपाडेकरांना एवढा फायदा की रिक्षानं जाऊन पेटीभर फळ पहाटे घरी आणता येतं. स्ट्रॉबेरी महाबळेश्वर-पाचगणी-वाई पट्ट्यातली. तिला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यातलं भिलार २०१७ पासून पुस्तकांचं गाव म्हणून ओळखलं जातं, पण तिथल्या बहुतेक घरांचं पोट आजही स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांवर आहे. फळ छोट्या प्लास्टिकच्या डब्यांतून येतं. वहिनी डबा आधी उलटा धरतात. तळाला लाल पाण्याचा डाग असेल तर वरचं फळ कितीही देखणं असलं तरी डबा परत. मग देठाजवळचा भाग बघतात. तिथं पांढरं राहिलेलं फळ घरी आणून ठेवलं तरी गोड होत नाही. केळं किंवा आंबा तोडल्यावर पिकतो, स्ट्रॉबेरी पिकत नाही. जशी तोडली तशीच ती राहते, फक्त मऊ पडत जाते. आणि त्या मुद्दाम लहान फळं निवडतात, ज्याबद्दल दुकानदाराला नवल वाटतं, कारण सगळ्या गिऱ्हाइकांना मोठी हवी असतात.

लहान का, याचं उत्तर फ्रिझरमध्ये आहे. स्ट्रॉबेरीत शेकडा नव्वदच्या आसपास पाणी. ते गोठताना उणे एक ते उणे पाच अंशांच्या टापूत बहुतेक बर्फ बनतो. हा टापू फळानं झटकन ओलांडला तर स्फटिक बारीक राहतात. रेंगाळत ओलांडला तर स्फटिक मोठे होतात आणि पेशींच्या भिंती फोडतात. मग ते फळ वितळताना पाणी सोडतं आणि लिबलिबीत होतं. लॅब्राडोरच्या कडाक्यात पकडल्या पकडल्या गोठणारे मासे पाहून क्लॅरेन्स बर्ड्झायला हेच उमगलं होतं, आणि १९२०च्या दशकात त्यानं झटपट गोठवण्याची यंत्रं उभी केली. आज तुर्भ्याच्या एमआयडीसीत शीतगृहं आहेत, त्यांच्याशी घरातला फ्रिझर स्पर्धा करू शकत नाही. तो उणे अठराच्या पलीकडे सहसा जात नाही आणि त्यात हवा जोरानं फिरत नाही. म्हणून फळ लहान घ्यायचं आणि एकमेकांना चिकटू न देता ताटात पसरून ठेवायचं. डब्यात ढीग करून ठेवलं तर मधल्या फळाला थंडी पोचायला रात्र जाते. ताट स्टीलचं, आधीपासून फ्रिझरमध्ये ठेवून गार केलेलं. प्लास्टिकच्या ट्रेपेक्षा ते फळातली उष्णता लवकर ओढून घेतं.

धुण्याचाही क्रम आहे. देठासकट धुवायचं, देठ मागाहून काढायचा. आधी काढला तर तिथून पाणी आत शिरतं. मग चाळणीत निथळून सुती पंचावर पसरायचं आणि वर पंखा लावायचा. "अर्धा तास तरी," वहिनी म्हणतात, आणि मध्येच एकेक फळ बोटानं फिरवून खालची बाजू वर आणतात. टिश्यू पेपर त्यांना चालत नाही; फाटून चिकटतो. पाण्याचा एक थेंब राहिला तर तो गोठून फळावर बर्फाचं पापुद्र्यासारखं कवच होतं, आणि त्या कवचाला चॉकलेट धरत नाही. वरून टणक दिसतं, पण दाताखाली अख्खं टरफल निघून येतं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला आणि मार्चअखेरीला हवा दमट असते, त्या दिवसांत फळ फ्रिझरबाहेर काढल्याबरोबर त्यावर दव जमतं. म्हणून त्या काडी टोचलेली चार-पाचच फळं बाहेर काढतात, ती बुडवून होईपर्यंत बाकीची आतच.

आता चॉकलेट. केकसामानाच्या दुकानात लाद्यांच्या लाद्या मिळतात, त्यातली बहुतेक 'कंपाउंड'. पाकिटाची मागची बाजू वाचली तर पहिली साखर, मग वनस्पती तेलापासूनची चरबी, मग कोको पावडर. खऱ्या चॉकलेटात चरबी म्हणजे कोको बटर. कोको बटरचा त्रास असा, की ते गोठताना सहा निरनिराळ्या स्फटिकरूपांत बसू शकतं आणि त्यातलं एकच आपल्याला हवं असतं: चकचकीत, कडकन तुटणारं, चौतीस अंशांच्या जरा अलीकडे वितळणारं. ते मिळवायला डार्क चॉकलेट पंचेचाळीस-पन्नास अंशांवर वितळवायचं, अठ्ठावीसच्या आसपास उतरवायचं आणि पुन्हा एकतीस-बत्तीसवर आणायचं. हे टेंपरिंग. कंपाउंडला त्याची गरज नाही, म्हणून घरगुती बेकर त्याच्यावर विसंबतात. भावातही अंतर आहे. २०२४ मध्ये आयव्हरी कोस्ट आणि घानातलं पीक घसरलं आणि न्यूयॉर्कच्या बाजारात कोको पहिल्यांदाच टनाला १०,००० डॉलरच्या वर गेला, तेव्हा हे अंतर आणखी रुंदावलं.

पण गोठलेल्या फळासाठी टेंपरिंग न करता खरं चॉकलेट वापरावं, असं माझं मत आहे, आणि या एका बाबतीत वहिनींशी माझा वाद आहे. टेंपर न केलेल्या चॉकलेटावर पांढुरकी झाक येते, ते बोटाला लागतं, हे खरं. पण ते खोलीच्या तापमानाला तासन्‌तास ठेवल्यावर. इथं तर फळ फ्रिझरमधून निघून थेट तोंडात जाणार. उणे अठराला ठेवलेल्या चॉकलेटाला मऊ पडायला वेळच मिळत नाही. कंपाउंडची चरबी मात्र गारठलेल्या जिभेवर वितळायला नाखूश असते. टाळूला मेणाचा लेप बसल्यासारखं वाटतं. वहिनींचं उत्तर: "भाऊजी, पोरं चाखत बसत नाहीत. तीन चावांत संपवतात." त्यामुळे घरच्यांसाठी खरं आणि सोसायटीच्या मुलांसाठी कंपाउंड अशी तडजोड आहे. ही गोष्ट इमारतीत कुणाला ठाऊक नाही.

दोन्हीत त्या खोबरेल घालतात. दोनशे ग्रॅमला दोन चहाचे चमचे. खोबरेल चोवीस-पंचवीस अंशांच्या आसपास वितळतं, म्हणूनच डिसेंबरच्या सकाळी न्हाणीघरातल्या बाटलीत ते पांढरं होऊन बसतं. चॉकलेटात मिसळलं की गरम असताना ते पातळ वाहतं, थर कागदासारखा बारीक बसतो, गोठलेल्या फळावर लगेच कडक होतो आणि तोंडात गेल्यावर कोको बटरच्या आधी वितळतं. डोक्याला लावायचं तेल खाण्यात कसं, असं वहिनींच्या सासूबाई पहिल्यांदा म्हणाल्या होत्या. त्या घाटावरच्या. मालवणकडच्या माणसाला हा प्रश्न पडलाच नसता. बिनवासाचं शुद्ध खोबरेल हे केसांचं की खाण्याचं, यावर कराचा खटला वर्षानुवर्षं चालला आणि डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं लहान बाटल्यांतलं शुद्ध खोबरेल खाद्यतेल म्हणून धरता येतं असा निकाल दिला. त्यामुळे सासूबाईंची हरकत आता न्यायालयातही टिकायची नाही. जाई-जुईच्या वासाचं तेल अर्थातच वेगळं.

वितळवण्याचा प्रकार मी दर वेळी श्वास रोखून बघतो. पातेल्यात दोन बोटं पाणी, त्याला उकळी आली की गॅस बंद, वर कोरडा ठणठणीत स्टीलचा वाडगा. त्याचा तळ पाण्याला टेकता कामा नये. चॉकलेटाचे तुकडे निवत्या वाफेवर आपापले वितळतात. धोका वाफेचाच. वाडग्याच्या काठावरून वाफेचा एखादा थेंब आत पडला, की साखरेचे कण त्या पाण्याला चिकटून गोळा होतात आणि वाहतं चॉकलेट क्षणात रव्यासारखं होतं. 'सीझ झालं' म्हणतात. असं झालेलं चॉकलेट बुडवण्याच्या कामातून गेलं. दूध घालून सॉस करायचा, एवढंच उरतं. म्हणून वहिनी उलथनंसुद्धा धुतल्यावर पुसून आधी पंख्याखाली ठेवतात आणि दारात उभ्या असलेल्या मुलाला विचारतात, "हात कोरडे आहेत ना? मग आत ये."

बुडवणं हा खेळ काही सेकंदांचा. काडी धरून फळ वाडग्यात उभं सोडायचं, एक वेढा, वर उचलून कडेला निथळून घ्यायचं. चॉकलेट फार गरम असेल तर फळाचा वरचा थर वितळून ओल सुटते, आणि मग पुन्हा तेच टरफल निसटणं. बोटाला कोमट लागेल इतकंच हवं. थंड वस्तूला चॉकलेट धरत नाही, ही तक्रार शंभर वर्षांपूर्वीची आहे. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात ओनावा नावाच्या गावी ख्रिश्चन नेल्सन नावाचा शिक्षक मिठाईचं दुकानही चालवायचा. १९२० मध्ये एका मुलाला आइस्क्रीम घ्यावं की चॉकलेट हे ठरवता येईना, ते पाहून त्यानं दोन्ही एकत्र करायचं ठरवलं, पण चॉकलेट आइस्क्रीमवरून घरंगळायचं. त्यात कोको बटर वाढवल्यावर ते बसलं, आणि १९२२ मध्ये त्याला पेटंट मिळालं. वहिनींच्या खोबरेलाच्या दोन चमच्यांचं काम फारसं वेगळं नाही.

कवच वीस-तीस सेकंदांत घट्ट होतं, त्यामुळे वरचं भुरभुरणं बुडवण्याच्या हातासरशी करायचं. दुसरा माणूस लागतो. बहुतेक वेळा तो मी असतो. स्ट्रॉबेरीवर पिस्त्याचे काप, केळ्यावर जाडसर शेंगदाण्याचा कूट, द्राक्षावर भाजलेलं किसलेलं खोबरं. केळं जळगावचं घेतलं तर काप मोठे निघतात, पण चवीला वेलची केळं पुढे आहे. द्राक्ष नाशिकचं बिनबियांचं. लहान मुलांना देताना ते उभं चिरूनच द्यायचं. अख्खं गोठलेलं द्राक्ष घशात अडकू शकतं.

खजूर या सगळ्यांत वेगळा. बिया काढून आत शेंगदाण्याचं लोणी भरलं आणि फ्रिझरमध्ये ठेवलं, तर तो दगड होत नाही, चिवट गोळीसारखा चावता येतो. त्यात पाणी फार थोडं आणि साखर भरपूर; साखर पाण्याला सहजासहजी गोठू देत नाही. कलिंगडाचं उलट. ते गोठवलं की निव्वळ बर्फ, दाताला घातक. चिकूमध्येही साखर बरी असते, आणि घोलवडचा चिकू डार्क चॉकलेटात मला स्ट्रॉबेरीपेक्षा आवडतो. या मताला इमारतीत दुसरा पाठीराखा नाही.

या कामात सासूबाईंचा वाटा आहे चक्क्याचा. मोबाइलवर दह्याच्या गोळ्यांत फळांचे तुकडे घालून चॉकलेटात बुडवण्याचे व्हिडिओ फिरतात. वहिनींनी तसं साध्या दह्यात केलं तेव्हा आत बर्फाच्या सुया निघाल्या. सासूबाई म्हणाल्या, "अगं, टांगल्याशिवाय कसं होईल?" म्हशीच्या दुधाचं दही मलमलच्या फडक्यात रात्रभर नळाला टांगलं, निवळी गळून गेली, आणि राहिलेल्या चक्क्यात थोडी पिठीसाखर आणि स्ट्रॉबेरीचे बारीक तुकडे घालून चमच्यानं गोळे सोडले. सुया गेल्या. श्रीखंडासाठी जे पिढ्यान्‌पिढ्या करत आलो तेच इथं लागू पडतं: पाणी बाहेर, मग साखर आत. या गोळ्यांना काडी नाही, दोन काट्यांनी उचलून बुडवायचं, कारण चक्का काडीला घट्ट धरत नाही.

साठवणुकीत सगळ्यात मोठा शत्रू शेजारचा डबा. आमच्याकडच्या फ्रिझरमध्ये बोंबील, कोलंबी, बांगडा यांचा मुक्काम असतोच, आणि कोको बटर आसपासचा वास ओढून घेतं. म्हणून काचेचा, रबरी कडेचा डबा, तोही वरच्या कप्प्यात. फ्रॉस्ट-फ्री फ्रिजची वेगळी गंमत: त्यातला हीटर थोड्या थोड्या वेळानं चालू होऊन बर्फ वितळवतो, त्यामुळे आतलं तापमान वर-खाली होत राहतं, बारीक स्फटिक हळूहळू मोठे होतात आणि उघडं फळ वाळत जातं. दोन आठवड्यांत संपवावं, असा वहिनींचा हिशेब. एवढे दिवस उरत नाहीत ही गोष्ट निराळी.

एप्रिलमध्ये स्ट्रॉबेरी आटोपते आणि हापूसच्या पेट्या येतात. सोसायटीतल्या मुलांचा आग्रह असतो की आंबाही बुडवा. वहिनी आंब्याच्या फोडी नुसत्या गोठवतात, चॉकलेट लावायला साफ नकार देतात; मीही देतो. वाडग्याच्या तळाला उरलेलं चॉकलेट मात्र त्या टाकत नाहीत. त्यात कुरमुरे आणि भाजलेले शेंगदाणे मिसळतात, बटर पेपरवर उलथन्यानं पसरतात आणि ताट फ्रिझरमध्ये सरकवून वाडगा घासायला घेतात.